तीन हजारांत रणगाडा बसेल का? (स्केल मॉडेल किट, मदत हवी)

कसब्यातला_मामा · ८ जून

मंडळी, इथे सगळ्या विषयांतले दर्दी सापडतात म्हणून विचारतोय.

मे महिन्यात भाचीला घेऊन नगरच्या टँक म्युझियमला गेलो होतो. वय वर्षे तेरा. वाटलं, अर्ध्या तासात "मामा, उसाचा रस" सुरू होईल. ही बया तीन तास हलली नाही. प्रत्येक रणगाड्याची पाटी वाचली, चाकं मोजली, आणि शेवटी सेंच्युरियनसमोर जी उभी राहिली ती बाहेर काढताना मला रसाचं आमिष दाखवावं लागलं. परतताना रांजणगाव येईपर्यंत माझ्या फोनवर तिने बसंतरच्या लढाईबद्दल (१९७१ चं युद्ध, त्यात सेंच्युरियनवर लढताना गेलेले परमवीर खेत्रपाल) सापडेल ते वाचून काढलं होतं. घरी आल्यावर फर्मान: "मला खेत्रपालांचा सेंच्युरियन बनवायचाय. तयार खेळणं नको. तुकडे जोडून."

माझं बजेट तीन हजार. सगळं धरून, म्हणजे किट, रंग, गोंद, ब्रश, जे काय लागतं ते. ताईने वर एक रुपया मिळणार नाही असं बजावलंय. ऑनलाइन शोधलं तर १/३५, १/४८, १/७२ अशी मापं (१/३५ म्हणजे खऱ्याच्या पस्तिसावा भाग), तामिया, झ्वेझ्दा, ट्रम्पीटर अशा कंपन्या… डोकं गरगरलं. लहान साइज घेऊ की मोठी? सेंच्युरियनच घेऊ की आधी काहीतरी सोपं? मी स्वतः शाळेत मातीचा किल्ला सोडून काही बनवलेलं नाही.

चहात_बिस्कीट · ८ जून

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

तिखट_जाळ · ८ जून

तीन हजारांत खरा येत नाही. बाकी चालू द्या.

स्प्रूकाप्या · ८ जून

मामा, आधी हिशोब करू, ब्रँड नंतर.

नवखा माणूस असतील तेवढे पैसे किटवर घालतो. घरी येऊन डबा उघडला की कळतं, आत फक्त प्लास्टिक आहे. गोंद नाही, रंग नाही. मग चिडून फेविक्विकने चिकटवतो, पोस्टर कलर फासतो आणि छंद तिथेच संपतो. माझ्या पहिल्या टँकच्या वेळी किटपेक्षा बाकीच्या सामानालाच जास्त पैसे गेले. तेव्हा किटला दीड हजार ही वरची मर्यादा समजा.

आता आकार. खरा सेंच्युरियन तोफेच्या टोकापासून शेपटापर्यंत सुमारे ९.८ मीटर. म्हणजे १/३५ मध्ये २८ सेंटिमीटर, १/७२ मध्ये साडेतेरा. पहिला टेबलावर ठेवला की पाहुणे विचारतात, दुसरा पेनस्टँडच्या मागे लपतो. पण १/७२ ला रंग कमी लागतो, जागा कमी लागते आणि किंमत साधारण निम्मी. रेव्हेलचे टी-५५ आणि टी-७२ या मापात छान आहेत. झ्वेझ्दाचे १/७२ मधले काही टी-३४ तर गोंदाशिवाय खटाखट बसतात.

माझं मत: पहिला टी-३४, दुसरा सेंच्युरियन. पहिल्यात ज्या चुका व्हायच्या त्या होऊ द्या.

गवळीआळी · ८ जून

स्प्रूकाप्यांशी अजिबात सहमत नाही. १/७२ स्वस्त आहे, सोपं नाही. चाकं शर्टाच्या बटणाएवढी. हेडलाइट चिमट्यात धरला, टुक्कन उडाला, फरशीवर गेला की गेला. मी एकदा अख्खं कपाट सरकवलं होतं. हेडलाइट नाही मिळाला, २०१४ सालची घराची किल्ली मिळाली.

दुसरं म्हणजे मुलीला सेंच्युरियन हवाय. तिला टी-३४ देणं म्हणजे आंबा मागणाऱ्याला "आधी पेरू खाऊन सराव कर" म्हणण्यासारखं आहे.

स्प्रूकाप्या · ८ जून

पेरू वाईट असतो का?

गवळीआळी · ८ जून

आंब्याच्या सीझनमध्ये हो.

काटकसर_काका · ९ जून

तीन हजार? मी तीनशे रुपयांत करून दाखवतो. कागदी मॉडेल! नेटवर फुकट आराखडे मिळतात. अप्पा बळवंत चौकात जाड कागदावर रंगीत प्रिंट काढा, कात्री, पट्टी, फेव्हिकॉल, बस. रंगवायचंही नाही, छापलेलंच असतं. पोलंडमध्ये १९५७ पासून याचं मासिक निघतंय, पोरासोरांचा खेळ समजू नका. मी घरी शनिवारवाडा केलाय, दिंडीदरवाजासकट.

गवळीआळी · ९ जून

काका, शनिवारवाड्याला चाकं नसतात. सेंच्युरियनला एका बाजूला सहा मोठी चाकं, वर परतीचे रोलर, पुढे ट्रॅकचा पट्टा ताणणारं आयडलर, मागे तो ओढणारं दातेरी स्प्रॉकेट. कागदाची चाकं गोल कापता कापता पोरगी बारावीला जाईल.

काटकसर_काका · ९ जून

संयम हा गुण आहे. आजकालच्या पिढीला सगळं इन्स्टंट हवं.

तिखट_जाळ · ९ जून

धाग्यात "आजकालची पिढी" नवव्या प्रतिसादात आली. यंदा मान्सून वेळेवर.

चहात_बिस्कीट · ९ जून

आलो. रुमाल काढतो.

१/३५ हे विचित्र माप आलं कुठून, हे सांगायचा मोह आवरत नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तामियाने पँथर रणगाडा काढला, बॅटरीवर चालणारा. मोटर, गिअरबॉक्स आणि दोन सेल पोटात मावायला हवेत, म्हणून रणगाड्याचं अंग तेवढं ठेवलं. मग मोजलं तर ते साधारण १/३५ भरलं. तो खपला, पुढचेही त्याच मापात निघाले, मग बाकीच्या कंपन्याही मागोमाग. इंग्रजांचं वेगळं १/७६ होतं, ते खेळण्यातल्या रेल्वेच्या मापाला धरून. म्हणजे आज जगभरचे लोक ज्या मापावरून भांडतात ते दोन सेलनी ठरवलंय.

मुद्द्याचं. तामियाचा १/३५ सेंच्युरियन मार्क ३ (म्हणजे तिसरी आवृत्ती) हे जुनं किट आहे, आणि या कामासाठी जुनं किटच बरं. भाग कमी, बसतात नीट, ट्रॅक एकसंध रबरी पट्ट्याचे. नव्या किटमध्ये ट्रॅकची एकेक कडी जोडत बसावं लागतं. शिवाय सेंच्युरियनच्या बाजूला पत्र्याचे स्कर्ट असतात, त्यांच्यामागे वरचा अर्धा ट्रॅक आणि रोलर झाकले जातात. नवख्याच्या बऱ्याच चुका तिथे पोटात जातात. टी-३४ मध्ये सगळं उघडं! कुठला टँक सोपा, हे ठरवताना हे कुणी सांगत नाही.

अडचण एकच, किंमत. मी शेवटचा पाहिला तेव्हा तीन-साडेतीन हजारांच्या घरात होता. १/७२ मध्ये एस या युक्रेनी कंपनीचा सेंच्युरियन आहे, पण तो कमी संख्येत काढलेल्या साच्यातला, भाग तासून तासून बसवावे लागतात. पहिल्यांदाच करताना त्याच्या वाटेला जाऊ नका.

नगर_रोड · ९ जून

परदेशातून मागवायच्या फंदात पडू नका. कायद्याच्या लेखी हे "खेळणं" आहे. खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. तुमचा पन्नास टनी सेंच्युरियन आणि डोळे मिचकावणारी बाहुली एकाच रांगेत उभे. माझं एक पार्सल सोडवताना ड्युटी किटच्या बरोबरीला आली होती. साहेबांनी खोकं उघडूनही बघितलं.

पत्रा_आणि_ग्रीस · १० जून

मी चिलखती दलात होतो, आता निवृत्त. धागा वाचून मजा आली. दोन गोष्टी.

भारताकडचे १९६५ आणि १९७१ चे सेंच्युरियन मार्क ७ होते, मार्क ३ नव्हेत. तोफ वीस पाउंडरच, पण मार्क ७ च्या नळीवर मधल्या भागात एक फुगवटा असतो. गोळा सुटल्यावर नळीतला धूर टरेटमध्ये (वरच्या फिरत्या घुमटात) मागे येऊ नये म्हणून ती योजना. मार्क ३ ची नळी सरळसोट. मुलीने फोटो नीट बघितले असतील तर तिला हा फरक कळणार. हलमध्येही (खालच्या अंगातही) फरक आहेत, पण ते मी तिला सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका.

खेत्रपालांचा टँक "फामागुस्ता", जेएक्स २०२, नगरलाच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेला आहे. नाव सायप्रसमधल्या बंदराचं. १६ डिसेंबर १९७१ ला ते गेले तेव्हा वय एकवीस. कमिशन मिळून सहा महिने झाले होते.

आंबिलओढा · १० जून

खेत्रपालांचा जन्म पुण्याचा, आणि रेजिमेंट पूना हॉर्स. १९६५ चे तारापोर त्याच रेजिमेंटचे. दोन परमवीर चक्रं. मुलीला हेही सांगा.

तिखट_जाळ · १० जून

पुणेकर म्हटल्यावर मागे हटणं नाहीच.

पत्रा_आणि_ग्रीस · १० जून

रेजिमेंटच्या नावात पूना आहे, जवान सगळे पेठेतले नव्हते. पण चालेल, घ्या श्रेय.

जुन्या_बाजारचा · १० जून

फुगवट्याचा उपाय सोपा. कागदी मास्किंग टेपची बारीक पट्टी कापून नळीवर वेढे देत जा, हवी तेवढी जाडी आली की वर पातळ फेविक्विक सोडा. वाळलं की दगडासारखं होतं. मग ६०० च्या पॉलिश पेपरने दोन्ही टोकं उतरती करा. खर्च शून्य.

बाकी सामान पुण्यात कुठे, तर छंदाच्या नावाने विकतात तिथे घेऊ नका. निपर (भाग कापायची बारीक पक्कड) बुधवारात पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे. पॉलिश पेपर ४००, ६००, १०००, कुठल्याही हार्डवेअरमध्ये, पाण्यात भिजवून वापरायचा. राखाडी प्रायमरचा स्प्रे नाना पेठेत गाडीच्या सामानाच्या दुकानात. पण तो आधी रिकाम्या स्प्रूवर (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात ती) मारून बघा, काही स्प्रे प्लास्टिक खातात. रंग कॅम्लिनचे अ‍ॅक्रिलिक, ट्यूबमधले. पाण्याने पातळ करून दोन-तीन हात, एकाच हातात झाकायला गेलात तर ब्रशच्या रेघा राहतात. आणि सगळ्यात आधी, स्प्रू भांड्यांच्या साबणाने धुवा. साचा सुटावा म्हणून लावलेलं तेलकट काहीतरी त्यावर असतं, रंग धरत नाही.

फक्त गोंदावर कंजूषी नको. पातळ प्लास्टिक सिमेंट, झाकणाला ब्रश असलेलं. दोन भाग कोरडे जुळवून धरायचे आणि फटीला ब्रश टेकवायचा. गोंद आपोआप आत ओढला जातो, प्लास्टिक विरघळून एकजीव होतं. पहिल्यांदा बघताना जादू वाटते. खिडकी मात्र उघडी ठेवा.

लोणी_काळभोर · १० जून

गोंदाऐवजी नेलपॉलिश रिमूव्हर चालतं असं कुणीतरी सांगितलं होतं. बायकोचं घेतलं. पँथरचा मागचा भाग वितळून श्रीखंड झाला. बायकोने नवीन रिमूव्हरचे पैसेही घेतले.

स्प्रूकाप्या · १० जून

हसून हसून गडबडा लोळलो.

स्प्रेबद्दल एक सावधगिरी. आता पाऊस तोंडावर आहे. दमट हवेत स्प्रे मारला की वाळताना पांढरट धुरकट होतो. उघडीप बघून दुपारी मारा. आणि गच्चीवर वाऱ्यात मारू नका. मी मारला होता. शेजारच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या. त्या वर्षी आमच्या सोसायटीत ऑलिव्ह ग्रीन कुरडया हा एक स्वतंत्र विषय होता. अजून जिन्यात भेटल्या की माझ्या हातांकडे बघतात.

काटकसर_काका · ११ जून

कागदाला स्प्रे लागत नाही.

गवळीआळी · ११ जून

काकांना एक कागदी मोदक द्या कुणीतरी.

कसब्यातला_मामा · ११ जून

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. भाचीला वाचून दाखवले. मार्क ७ चा फुगवटा तिला आधीच माहीत होता. मी "मार्क ३ चालेल ना?" म्हटल्यावर तिने माझ्याकडे जसं बघितलं ते इथे लिहीत नाही. टेपचा उपाय ऐकल्यावर शांत झाली.

टी-३४ ला नकार. पीटी-७६ सुचवून बघितला, कारण १९७१ ला गरीबपूरच्या लढाईत आपले तेच होते आणि जवानांनी त्याला "पिप्पा" म्हणजे तुपाचा डबा नाव ठेवलं होतं हे मला भारी वाटलं. ती म्हणाली, "तो पुढच्या वेळी."

म्हणजे गाडी सेंच्युरियनवर अडली आहे आणि किटच साडेतीन हजारांचं. ताईशी बोलू का?

चहात_बिस्कीट · ११ जून

ताईशी बोलू नका. इथे विचारा.

या छंदातली घरची गोष्ट सांगतो. किटं विकत घेणारे खूप, पुरी करणारे थोडे. प्रत्येकाच्या कपाटावर, दिवाणात, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये न उघडलेले किंवा अर्धवट सोडलेले डबे असतात. सूट दिसली घेतला, पगार झाला घेतला, आणि बनवायचा मुहूर्त निवृत्तीनंतरचा. माझ्याकडे एकोणीस आहेत. त्यातले चार मी परत उघडणार नाही हे मलाही माहीत आहे आणि बायकोलाही. कमी पैशांत किट हवं असेल तर दुकान शोधू नका, कपाट शोधा.

माझ्याकडे सेंच्युरियन नाही. पण आपल्यातल्या कुणाकडे नक्की असेल. हात वर करा.

नगर_रोड · ११ जून

+१. माझ्याकडे तीन शर्मन. शर्मन कुणालाच नको असतात.

भोपळेचौकी · १२ जून

वाचनमात्र होतो, आज हात वर करतो.

तामियाचा सेंच्युरियन आहे. अकरा वर्षांपूर्वी घेतला, खालचं अंग जोडलं, एका बाजूची चाकं लावली, मग मुलगी झाली. डबा तेव्हापासून माळ्यावर. सूचनापत्रक आहे, कोपरा झुरळाने खाल्लाय. डेकल (टँकवर चिकटवायच्या खुणा) पिवळी पडलीत, ती धरू नका. दोन जेरीकॅन आणि एक हॅचचं झाकण सापडत नाही. एक ट्रॅक इतकी वर्षं चाकांना टेकून होता, त्याचा पट्टा आणि प्लास्टिक यांचं काहीतरी झालंय, तिथे चाक जरा चिकट लागतंय.

बाराशेला देतो. फुकटही दिला असता, पण फुकट घेतलेलं किट पुरं होत नाही असा माझा अनुभव आहे. कॅम्पात येऊन घेऊन जा.

स्प्रूकाप्या · १२ जून

तो चिकटपणा रबरी पट्ट्यातल्या तेलाचा. जुन्या मऊ विनाइलमधून ते झिरपतं आणि चाकाचं प्लास्टिक खातं. चाक वाळू द्या, पॉलिश पेपर मारा, रंगवा, आणि पट्टा बसवण्याआधी चाकाला वार्निशचा एक हात द्या. पट्टा जोडायला प्लास्टिक सिमेंट वापरू नका, त्या विनाइलवर चालत नाही. टोकावरच्या खुंट्या भोकात घालून मागून गरम स्क्रू ड्रायव्हर दाबायचा, खुंटी वितळून रिव्हेट होते. किंवा सरळ स्टेपल मारा आणि स्टेपल स्कर्टमागे लपवा. मी तेच करतो. कुणाला सांगत नाही.

आंबिलओढा · १२ जून

आता सांगितलंत की.

कसब्यातला_मामा · १४ जून

घेतला! भोपळेचौकींनी चहा पाजला. डबा देताना एकदा उघडून बघितला, मग परत एकदा. मी म्हटलं, ठेवायचा असेल तर ठेवा. म्हणाले, "न्या लवकर."

पत्रा_आणि_ग्रीस · १५ जून

रंगवताना एक विनंती. मॉडेलवाले टँक असे काही गंजवतात की भंगारवालाही घेणार नाही. चालू रेजिमेंटच्या टँकवर एवढा गंज दिसला असता तर ट्रूप लीडरने आमच्या अंगावरचा गंज काढला असता. धूळ दाखवा, चिखल दाखवा, चढायच्या जागी घासलेला रंग दाखवा. गंज फक्त सायलेन्सरवर आणि ट्रॅकवर.

जुन्या_बाजारचा · १५ जून

चिखलासाठी खरी माती वापरा, पायमोज्यातून चाळलेली, पातळ फेव्हिकॉलमध्ये.

आंबिलओढा · १५ जून

वेताळ टेकडीची माती चालणार नाही बरं का. आपली तांबूस मुरमाड. बसंतर नदी तिकडे शकरगडच्या बाजूला, गाळाची राखाडी-भुरी माती.

तिखट_जाळ · १५ जून

आता मातीसाठी पठाणकोटचं रिझर्व्हेशन. तीन हजारांत बसवा.

आंबिलओढा · १५ जून

मुळा नदीची माती वाळवून त्यात थोडी रांगोळी मिसळा. भुरी होते. हसू नका, करून बघितलंय.

पर्वती_पायथा · २ जुलै

धागा वर आणतोय. मामा, काय झालं पुढे? की डबा तुमच्या माळ्यावर गेला?

कसब्यातला_मामा · ९ ऑगस्ट

माळ्यावर नाही गेला! उशीर झाला, शाळा आणि पाऊस.

सगळं सांगत बसत नाही, पण काही गोष्टी सांगायलाच हव्यात. अकरा वर्षांपूर्वी जोडलेली चाकं तिरकी होती. भाची म्हणाली काढून टाकू, मी म्हटलं मोडेल. तिने सांध्याला सिमेंट लावलं, दहा मिनिटं थांबली, दोरा अडकवून हळूच ओढलं, सुटली. मला न विचारता. नळीचा फुगवटा तीनदा केला. पहिला गाजरासारखा झाला, दुसरा एका बाजूला जाड. तिसऱ्या वेळी तिने वेढे मोजले, सतरा, आणि वहीत लिहून ठेवले, का ते विचारलं नाही. हरवलेलं हॅच आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून कापलं. ते सिमेंटने चिकटेना, प्लास्टिक वेगळं असणार. शेवटी फेविक्विक.

एरियल करायला स्प्रू तापवून ओढतात म्हणे. निरांजन जवळ होतं म्हणून त्यावर धरला. आईने वासावरून ओळखलं आणि देवघरातून आम्हा दोघांना हाकललं. मग मेणबत्तीवर केला. काडी मऊ होऊन लोंबायला लागली की ज्योतीपासून बाजूला घ्यायची आणि मग ओढायची, ज्योतीत ओढली की तुटते, हे चौथ्या काडीला कळलं. निघालेला धागा केसाएवढा. भाचीने तो खिडकीसमोर धरून बराच वेळ बघितला.

रंग ऑलिव्ह ग्रीनमध्ये किंचित पिवळी माती मिसळून. दोन दिवसांनी पातळ टर्पेंटाइनमध्ये तपकिरी ऑइल कलर कालवून सांध्यांत सोडला. तोवर तो खेळणं दिसत होता, त्यानंतर लोखंडाचा दिसायला लागला. गंज फक्त सायलेन्सरवर, साहेब, शब्द पाळलाय. ताडपत्री टिश्यू पेपर आणि फेव्हिकॉलची.

हिशोब: किट १२००, सिमेंट ३८०, निपर १५०, पॉलिश पेपर ४०, प्रायमर २८०, रंगाच्या ट्यूब २००, ब्रश १६०, ऑइल कलर आणि टर्पेंटाइन १४०, मॅट वार्निश २९०. एकूण २८४०. उरलेल्या १६० चा ताईसकट सगळ्यांनी उसाचा रस प्यायला.

डेकल गेलेलीच होती. "फामागुस्ता" तिने ब्रशच्या दोन केसांनी हाताने लिहिलं. शेवटचं अक्षर जरा वर गेलंय. पुसून परत लिहू का विचारलं तर म्हणाली, खऱ्यावर पण कुणीतरी हातानेच लिहिलं असेल ना?

पत्रा_आणि_ग्रीस · ९ ऑगस्ट

तिला म्हणावं, बरोबर आहे.

भोपळेचौकी · ९ ऑगस्ट

फोटो बायकोला दाखवला. ती म्हणाली, बाकीचे डबेही देऊन टाक.

काटकसर_काका · १० ऑगस्ट

छान झालाय. आइस्क्रीमच्या झाकणाचं हॅच विशेष आवडलं. कागदाचं हलकं झालं असतं, असो.

कसब्यातला_मामा · १० ऑगस्ट

आता ती म्हणतेय की सेंच्युरियनसमोर १९६५ चा पाकिस्तानी पॅटन हवा. असल उत्तरच्या शेतात रुतलेला. बजेट पुन्हा तेवढंच.

चहात_बिस्कीट · १० ऑगस्ट

पॅटन आहे माझ्याकडे. पाचव्या डब्यात असावा. टरेट सापडलं की कळवतो.